औषधांची संगत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की काही रुग्णांना डॉक्टर केमोथेरपी घ्यायला सांगतात. त्या वेळी नातेवाइकांच्या हातात जो कागद पडतो, त्यावर दोन-तीन औषधांची नावे असतात. ती पाहून घरचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न : ‘‘डॉक्टर, इतकी औषधे कशाला? एकच जालीम औषध द्या ना!’’ दुसरा प्रश्न याच्या अगदी उलट : ‘‘परदेशात आणखी एक नवे औषध निघाले आहे म्हणे. तेही यात घालता येईल का? पैशांचे आम्ही बघतो.’’ दोन्ही प्रश्न मायेपोटी आलेले असतात आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे. औषधे किती दिली, यापेक्षा कोणते औषध कोणत्या औषधाबरोबर, केव्हा आणि कशासाठी दिले, याला महत्त्व असते. माणसाप्रमाणे औषधांनाही संगत लागते. चांगल्या संगतीत साधे औषध मोठे काम करते आणि वाईट संगतीत चांगले औषध जिवावर उठते.

मुळात या आजारात केमोथेरपी कशासाठी, ते आधी पाहू. मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळेवर सापडला, तर त्यावरचा मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. गाठ आणि तिच्या आसपासच्या लसिका ग्रंथी शल्यविशारद काढून टाकतात. पण ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेला असेल, तर काही पेशी त्याआधीच रक्तावाटे दूर निघून गेलेल्या असण्याची शक्यता असते. त्या इतक्या थोड्या आणि इतक्या लहान असतात, की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. या लपलेल्या पेशींचा नायनाट करण्यासाठी शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी देतात. रोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला असेल, तर तो आटोक्यात ठेवण्यासाठी आणि कधीकधी गाठ आटवून ती काढण्याजोगी करण्यासाठीही केमोथेरपी देतात.

आता एका औषधाने काम का भागत नाही? हा धडा वैद्यकशास्त्र क्षयरोगाकडून शिकले. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, तेव्हा क्षयाचे रुग्ण झपाट्याने सुधारू लागले. पण काही महिन्यांतच अनेकांचा आजार उलटला. लाखो जंतूंमध्ये थोडे जंतू असे होते, की जे या औषधाला दाद देत नव्हते. बाकीचे मेले, हे उरले आणि वाढले. त्याच्या जोडीला दुसरे औषध दिले, तेव्हा हा प्रकार एकदम कमी झाला, कारण दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू क्वचितच सापडतो. क्षयाच्या रुग्णाला आजही एका वेळी तीन-चार औषधे देतात, ती यामुळेच. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी हाच विचार लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला लावला आणि जो आजार हमखास जीवघेणा होता, त्यातून मुले बरी होऊ लागली. तेव्हापासून औषधांची जोडी जमवण्याचा एक नियम ठरून गेला. प्रत्येक औषध वेगळ्या मार्गाने पेशीवर हल्ला करणारे हवे आणि त्यांचे दुष्परिणाम शक्यतो एकाच अवयवावर पडू नयेत.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील सर्वांत जुने आणि अजूनही पायाभूत औषध म्हणजे ५-फ्लुओरोयुरॅसिल. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘फाइव्ह-एफयू’ म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले. कर्करोगाच्या पेशी युरॅसिल नावाचा पदार्थ निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात, असे आढळले होते. हायडेलबर्गर यांनी युरॅसिलच्या रेणूतील हायड्रोजनचा एक अणू काढून तेथे फ्लोरिनचा अणू बसवला. पेशीला फरक कळत नाही. ती ओळखीचा माल समजून तो आत घेते. पेशीला दुप्पट होण्यासाठी डीएनएची नवी प्रत काढावी लागते आणि त्यासाठी लागणारा एक घटक तयार करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हे बनावट युरॅसिल अडवून ठेवते. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसा हा प्रकार.

पण ही किल्ली घट्ट बसत नाही. थोड्या वेळाने सुटते आणि पेशी पुन्हा कामाला लागते. येथे दुसरे औषध उपयोगी पडते. त्याचे नाव ल्युकोव्होरिन. हे फॉलिक ॲसिडच्या कुळातले, एक प्रकारचे जीवनसत्त्वच म्हणा ना. एकटे दिले तर ते कर्करोगाची एकही पेशी मारत नाही. मात्र ते हजर असले, की अडकलेली किल्ली कुलपात पक्की होते. १९९२ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार पसरलेल्या रुग्णांना नुसते फाइव्ह-एफयू दिल्यावर शंभरातील ११ जणांची गाठ लक्षणीय आटली होती. ल्युकोव्होरिनच्या जोडीने दिल्यावर २३ जणांची. कर्करोगाशी स्वतः न लढणाऱ्या औषधाने परिणाम दुप्पट केला! पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. रुग्णांच्या आयुष्यात पडलेली भर जेमतेम पंधरवड्याची होती. गाठ आटणे आणि माणूस जास्त जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या औषधाची बातमी वाचताना यांपैकी कशाबद्दल लिहिले आहे, ते जरूर पाहावे.

खरी झेप पुढे आली ती ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे. प्लॅटिनम धातूपासून बनवलेले हे औषध १९७६ साली जपानमध्ये नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी तयार केले आणि रुग्णांपर्यंत ते फ्रान्समधल्या डॉक्टरांनी आणले. हे औषध डीएनएच्या धाग्यांना गाठी मारून ठेवते. फाइव्ह-एफयू, ल्युकोव्होरिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या तिघांच्या मिश्रणाला ‘फॉलफॉक्स’ म्हणतात. या जोडीची ताकद दाखवणारी एक चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्यावर आधीचे उपचार थकले होते, अशा रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फाइव्ह-एफयू आणि ल्युकोव्होरिन दिले; एकाचीही गाठ आटली नाही. दुसऱ्या गटाला एकटे ऑक्सॅलिप्लॅटिन दिले. शंभरात एकाची आटली. तिसऱ्या गटाला सगळे एकत्र दिले. शंभरात जवळजवळ दहा जणांची आटली. शाळेतल्या गणितात शून्य अधिक एक बरोबर एक होते. येथे उत्तर दहा आले. औषधशास्त्रात याला सहक्रिया म्हणतात. एक औषध डीएनए बिघडवते आणि दुसरे दुरुस्तीचा मालच मिळू देत नाही, असा साधारण अर्थ.

पुढच्याच वर्षी, २००४ साली, शस्त्रक्रिया झालेल्या २२४६ रुग्णांवरील ‘मोझॅइक’ चाचणीचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनंतर आजार न उलटलेले रुग्ण जुन्या उपचारात शंभरात ७३ होते, तर फॉलफॉक्स घेतलेल्यांत ७८. शंभरामागे पाच जण अधिक. हा आकडा कुणाला लहान वाटेल, पण त्या पाच घरांच्या दृष्टीने तो लहान नाही. मात्र त्याची किंमत शंभरही जण मोजतात, हेही सांगायला हवे. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. थंड पाण्याचा घोट घेतला तरी घशात टोचल्यासारखे होते. बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो, पण काहींना शर्टाची बटणे लावणेही पुढे कित्येक महिने जड जाते. त्यामुळे डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला : सहा महिन्यांऐवजी तीनच महिने उपचार दिले तर? जगभरातील १२ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात आजार उलटण्याचा धोका कमी आहे अशा अनेकांना, विशेषतः फाइव्ह-एफयूऐवजी गोळीच्या रूपातील कॅपेसिटॅबिन दिले असेल तर, तीन महिने पुरतात आणि मुंग्यांचा त्रास खूप कमी होतो, असे दिसले. उपचार कमी करणे हीसुद्धा प्रगतीच असते.

तिसरे महत्त्वाचे औषध इरिनोटेकॅन. त्याच्या जन्मकथेत आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले आणि त्याची रचना १९६६ साली जगापुढे मांडली. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील ‘नरक्या’ या झाडातही असल्याचे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे या झाडाची बेसुमार तोड झाली, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण मूळ कॅम्प्टोथेसिन माणसांना देऊन पाहिले, तेव्हा ते फार विषारी ठरले आणि १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून जपानी शास्त्रज्ञांनी इरिनोटेकॅन बनवले, तेव्हा कुठे ते वापरता आले. म्हणून, नरक्याची साल उकळून प्या असे कोणी सांगितले, तर कृपा करून ऐकू नका.

डीएनएचा पीळ सोडवणारे जे एन्झाइम असते, त्याला इरिनोटेकॅन अडवते. आजार पसरलेल्या रुग्णांत फाइव्ह-एफयूच्या जोडीने ते उत्तम काम करते. मग ते शस्त्रक्रियेनंतरही द्यावे, असे कोणालाही वाटेल. तशा मोठ्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही; जुलाब आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे, हा त्रास मात्र वाढला. गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाची गत तीच झाली. २००४ साली पसरलेल्या आजारात केमोथेरपीच्या जोडीने त्याने रुग्णांचे आयुष्य सुमारे साडेचार महिन्यांनी वाढवले होते. शस्त्रक्रियेनंतर ते दिले, तेव्हा २०११ आणि २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत उपयोग शून्य. दिसणारी मोठी गाठ आणि विखुरलेल्या चिमूटभर पेशी हे दोन वेगळे शत्रू आहेत.

आणखी एक उदाहरण देतो. सिटुक्सिमॅब नावाचे औषध पेशीला वाढीचा हुकूम देणारा दरवाजा बंद करते. २००९ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ७५५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. केमोथेरपी आणि बेव्हॅसिझुमॅब यांच्यात सिटुक्सिमॅबची भर घातली होती. दोन्ही नामांकित, दोन्ही महागडी औषधे. अपेक्षा अशी, की आजार जास्त काळ थोपवला जाईल. प्रत्यक्षात १०.७ महिन्यांवरून तो काळ ९.४ महिन्यांवर आला. जास्त औषधे घेतलेल्या रुग्णांचा आजार लवकर वाढला! ‘‘पैशांचे आम्ही बघतो’’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. शिवाय, ज्यांच्या गाठीत केआरएएस हा जनुक बिघडलेला आहे, आणि असे शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण असतात, त्यांना सिटुक्सिमॅबचा उपयोगच होत नाही, हे २००८ सालापर्यंत स्पष्ट झाले. त्यामुळे आता हे औषध देण्यापूर्वी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करतात. घर गहाण टाकण्याआधी ही तपासणी झाली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

श्रोतेहो, वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते : ‘अमुक पदार्थामुळे केमोथेरपीची ताकद वाढते.’ कधी ती हळद असते, कधी द्राक्षाच्या बिया. या बातम्या बहुधा खोट्या नसतात, पण त्या अर्ध्या असतात. प्रयोगशाळांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या असतात. त्यातल्या एका प्रसिद्ध वाणाला ‘एचटी-२९’ म्हणतात. १९६४ साली एका महिलेच्या गाठीतून तो मिळाला. छोट्या-छोट्या कप्प्यांत या पेशी ठेवून वेगवेगळ्या मात्रेत दोन औषधे घालतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात. दोघांचा एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा जास्त आहे की कमी, हे ठरवण्यासाठी चौ आणि तलालय या शास्त्रज्ञांनी १९८४ साली एक निर्देशांक मांडला. तो एकपेक्षा कमी आला तर सहक्रिया, एक आला तर नुसती बेरीज आणि एकपेक्षा जास्त आला तर औषधे एकमेकांचे पाय ओढत आहेत, असे समजायचे.

हळदीतील करक्युमिनने अशा प्रयोगांत फाइव्ह-एफयूला चांगली साथ दिल्याचे अनेक निष्कर्ष आहेत. पण बशीतल्या पेशीला यकृत नसते, मूत्रपिंड नसते. बशीत करक्युमिन थेट पेशीवर पडते. माणसाने गिळले, तर त्यातले फारच थोडे रक्तापर्यंत पोहोचते. आणि बशीत मरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींबरोबर त्याच माणसाच्या निरोगी पेशी किती मरतील, हे बशी सांगत नाही. भाजीतली हळद जरूर खा. पण बशीतल्या निष्कर्षावर विसंबून तिच्या कॅप्सूल केमोथेरपीच्या काळात आपल्या मनाने घेऊ नका.

मग प्रयोगशाळेचा उपयोग नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. दहापैकी साधारण एका रुग्णाच्या गाठीत बीआरएएफ नावाचा जनुक बिघडलेला असतो आणि त्याचा आजार जास्त आक्रमक असतो. हाच बिघाड त्वचेच्या एका कर्करोगातही असतो. तेथे हा जनुक थोपवणाऱ्या गोळीने निम्म्या रुग्णांच्या गाठी आटल्या. आतड्याच्या कर्करोगात मात्र तीच गोळी वीसजणांत एखाद्यालाच लागू पडली. असे का? २०१२ साली नेदरलँड्समधील एका प्रयोगशाळेने पेशींवर काम करून उत्तर शोधले. बीआरएएफ बंद केला, की आतड्याची पेशी शेजारचा दुसरा दरवाजा उघडते. आणि तो दरवाजा सिटुक्सिमॅबने बंद करता येतो. मग दोन्ही औषधे एकत्र दिली. २०१९ साली मोठ्या चाचणीत या जोडीने आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले. पुढे हीच जोडी फॉलफॉक्सबरोबर सुरुवातीपासून दिल्यावर गाठ आटणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शंभरात ४० वरून ६१ वर गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बशीतल्या निरीक्षणापासून येथवर यायला बारा वर्षे लागली. औषधांची भर येथेही पडली, पण पेशी कोठून निसटते हे कळल्यावर.

आता वाईट संगतीविषयी. १९९३ साली जपानमध्ये नागिणीवर सोरिव्ह्यूडिन नावाचे नवे औषध बाजारात आले. केमोथेरपी घेणाऱ्यांची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे नागीण त्यांना सहज होते. फाइव्ह-एफयूच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांना हे औषध दिले गेले. शरीरात गेलेले बहुतांश फाइव्ह-एफयू आपले यकृत एका एन्झाइमच्या साहाय्याने मोडून टाकते. सोरिव्ह्यूडिनमुळे ते एन्झाइमच बंद पडले. नेहमीचीच मात्रा विषासारखी साठत गेली आणि काही आठवड्यांत पंधरा रुग्ण दगावले. ते औषध तातडीने मागे घेतले गेले. दोन्ही औषधे आपापल्या जागी ठीक होती. घातक ठरली ती गाठभेट.

सोरिव्ह्यूडिन आज तुमच्या वाट्याला येणार नाही, पण तसे इतर धोके घरातच असतात. हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल आणि त्यावर कॅपेसिटॅबिन सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या फेनिटॉइन गोळीची रक्तातील पातळी कॅपेसिटॅबिनमुळे वाढू शकते. अशक्तपणा आला म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेल्या ‘ताकदीच्या’ गोळीत फॉलिक ॲसिड असते. मघाशी आपण पाहिले, की ल्युकोव्होरिन त्याच कुळातले आहे आणि ते फाइव्ह-एफयूची पकड घट्ट करते. डॉक्टर ते मोजून देतात. न मोजता घेतलेल्या फॉलिक ॲसिडने तोंड येणे, जुलाब होणे हे त्रास बळावतात. याच्या उलटही घडते. युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती इरिनोटेकॅनचे रक्तातील कार्यकारी द्रव्य पुष्कळ कमी करते, असे २००२ साली दिसून आले. म्हणजे रुग्ण केमोथेरपीचा त्रास सोसतो, खर्च करतो आणि औषधाचा परिणाम मात्र घटलेला असतो. आपल्याकडच्या किती काढ्यांची अशी तपासणी झाली आहे?

पुष्कळ रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवतात. डॉक्टर रागावतील अशी भीती असते, किंवा ‘‘झाडपाल्याने काय होणार?’’ असा समज असतो. माझी तुम्हाला विनंती आहे. केमोथेरपीला येताना घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा, टॉनिक एका पिशवीत घालून आणा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि डॉक्टरांनाही तीन प्रश्न जरूर विचारा. या औषधांपैकी प्रत्येकाचे काम काय? यांच्या जोडीने आमच्या रुग्णाला नेमका किती फायदा अपेक्षित आहे? आणि कोणता त्रास झाला तर रात्री-अपरात्रीही आम्ही रुग्णालयात यायचे? ताप आला किंवा जुलाब थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका, हे मात्र मी आत्ताच सांगून ठेवतो.

फाइव्ह-एफयू, ल्युकोव्होरिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन, कॅपेसिटॅबिन ही सगळी औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि ती भारतातही तयार होतात. म्हणजे या आजारावरचा पायाभूत उपचार आपल्या आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. तो योग्य मात्रेत, योग्य संगतीत आणि वेळेवर घेतला जावा, एवढीच अपेक्षा.